मुलूखमैदानच्या मागावर

परवाच्या लाँग वीकेंडला आम्ही एका तोफेचा पाठलाग केला. आम्ही म्हणजे मी, बायको, लेक आणि बाबा. पुणे, नगर, परांडा, बार्शी, विजापूर. (नगर आता अहिल्यानगर, विजापूर विजयपूर. पण बाबांच्या तोंडी जुनीच नावं, म्हणून इथेही तीच.)

हा रूट बाबांच्या बार्शीच्या मित्राने पन्नास वर्षांपूर्वी होस्टेलवर बसून आखला होता. दोघं सायकलने जाणार होते म्हणे. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, राहिलं ते राहिलंच.

तर मुलूखमैदान. 1549 मध्ये निजामशाहीत, नगरला, महंमद बिन हसन रूमीने ती ओतली. लांबी सुमारे 14 फूट, वजन अंदाजे 55 टन. तोफेचं तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा आणि त्यात चिरडला जाणारा हत्ती.

नगरला मिसळ खाऊन लगेच निघालो. परांड्याला काका हट्टाने आले होते. पार्किन्सनमुळे दोन पावलं टाकणं अवघड, त्यामुळे किल्ल्याच्या दाराशी गाडीतच बसून राहिले. पण बोलायला लागल्यावर थांबेनात! ही तोफ याच किल्ल्यावर होती. 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने ती इथून विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल लागले असं सांगतात. आपल्याला आज गाडीने दोनशेच्या आसपास किलोमीटर, ते सुद्धा एसी लावून.

"भीमा कशी ओलांडली असेल रे?" बाबांनी विचारलं.

"उन्हाळ्यात. मी असतो तर उन्हाळ्यातच नेली असती."

रात्री बार्शीला काकूंच्या हातची शेंगाची चटणी, ज्वारीची भाकरी. सकाळी काका फाटकापर्यंतही आले नाहीत. जमलं नाही.

विजापूरला शेरजा बुरुजावर ती शांत पडलीय. 1854 मध्ये इंग्रज सरकारने हिला भंगार म्हणून लिलावात काढलं होतं. सगळ्यात वरची बोली आली फक्त 150 रुपयांची! लोक हिला मानतात हे तिथल्या मामलेदाराला ठाऊक होतं. त्याने वर कळवलं आणि विक्री रद्द झाली. इतिहासात तलवार गाजवणाऱ्यांची नावं राहतात. मला मात्र हा रिपोर्ट लिहिणारा सरकारी नोकर जास्त आवडला.

बाबांनी काकांना फोन लावला. काही न बोलता मोबाईल तोफेला टेकवला आणि बोटाच्या पेराने हळूच टकटक केलं. घंटेसारखा नाद येतो हे ऐकून होतो, तो खरंच आला.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काकांचा थरथरता आवाज, "औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर कोरलेला लेख आहे बघ तिच्यावर. सापडला का?"

बाबा चष्मा पुसत तोफेभोवती फिरायला लागले.