जात ही खुनाची सबब कशी झाली?

मे 2004. मुंबईलगत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली गोष्ट. उत्तर प्रदेशातल्या ब्राह्मण कुटुंबातल्या मुलीने केरळच्या इळवा मुलाशी लग्न केलं होतं. इळवा म्हणजे नारायण गुरूंचा समाज. वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालता यावं म्हणून 1924 साली सत्याग्रह करावा लागला, त्यात तो होता. लग्न मान्य नसलेला मुलीचा थोरला भाऊ साथीदार घेऊन तिच्या सासरी शिरला. नवरा, सासरा आणि आणखी दोघे, असे चार जीव गेले.

सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. डिसेंबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भावाची फाशी रद्द करून 25 वर्षांचा प्रत्यक्ष कारावास दिला. फाशी टळली याबद्दल माझी तक्रार नाही. फाशीने जात मरत नाही. तक्रार कारणाबद्दल आहे. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: धाकट्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं की समाज थोरल्या भावालाच जबाबदार धरतो, जातीची पकड अन्याय्य असली तरी ते वास्तव आहे, शिक्षा ठरवताना ते लक्षात घ्यावं लागतं.

म्हणजे पैशासाठी चार खून केले असते तर ही सबब मिळाली नसती. जातीसाठी केले म्हणून मिळाली! आणि समाज म्हणजे कोण? त्या मुलीच्या सासरचे लोक त्या समाजात नव्हते का? निकालाने समाज म्हणून फक्त मारणाऱ्याचे शेजारीपाजारी आणि भाऊबंद धरले.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म सांगून ठेवलंय. जात म्हणजे गटाबाहेर लग्नबंदी. आणि ती टिकवायची तर बाईवर पहारा हवा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे त्याच पहाऱ्याचे प्रकार. 2004 मधला भाऊ हा त्या पहाऱ्यावरचा शिपाई. त्याला परिस्थितीचा बळी म्हणणं म्हणजे त्याची ड्युटी मान्य करणं. 1936 च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हटलं. इथे उपाय करणाऱ्यांचं घर उद्ध्वस्त झालं, आणि सहानुभूती आली ती आरोपीच्या वाट्याला.

मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने, मुलीचा खून करणाऱ्या बापाच्या खटल्यात, अशा हत्या दुर्मिळातल्या दुर्मिळ गुन्ह्यांत मोडतात असं म्हटलं. दीड वर्षात एवढा फरक! पण दोन्हीकडे चर्चा मारल्यानंतरची. मार्च 2018 च्या शक्ती वाहिनी निकालाने आधीचं काम नेमून दिलं: प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तासांची हेल्पलाईन, जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा.

मित्रांनो, तुमच्या जिल्ह्यात तो कक्ष कुठे आहे, फोन कोण उचलतं, निवाऱ्यात किती खाटा आहेत? पोलीस अधीक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात.