रावेतचं पाणी आणि विकतची बाटली

पाहुणे आले की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडचं नळाचं पाणी चालतं ना, की बिसलेरी मागवू?" बिसलेरी म्हणजे दुकानात मिळेल ती कुठलीही बाटली. काहीजण 'मिनरल वॉटर' म्हणतात, पण तेही खरं नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असं छापलेलं असतं. खरं खनिज पाणी झऱ्याचं, त्याचं मानक वेगळं, किंमतही वेगळी. आपण पितो ते बहुतेक वेळा बोअरचं नाहीतर कुठल्यातरी नळाचंच पाणी, गाळून आणि जंतू मारून बंद केलेलं.

प्रश्न साधा आहे, पण हो-नाहीत उत्तर द्यायचं माझ्या जिवावर येतं. कारण पिंपरी-चिंचवडच्या नळामागे बरंच काही आहे. मंडळी, थोडं मागे जाऊ.

पवनेच्या काठची ही मूळची खेडी. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी नदीकाठीच आहे. प्यायला नदी, आड, विहिरी. मग कारखाने आले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची, पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. आकुर्डीला बजाज, साठच्या दशकात टेल्को. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. कारखान्याला आधी लागते जमीन, मग वीज, मग पाणी, आणि कामगाराला घर लागतं हे सगळ्यात शेवटी आठवतं. इथेही तसंच झालं. नळ कारखान्यांपर्यंत गेला, वस्ती त्याच्यामागून चालत आली.

मावळात पवना धरण उभं राहिलं ते १९७२ च्या सुमारास. त्याच साली प्राधिकरण स्थापन झालं (२०२१ मध्ये ते विसर्जित झालं, पण पत्ता सांगताना आम्ही अजून 'प्राधिकरणात' असंच म्हणतो). आणि तेच वर्ष दुष्काळाचं! सोलापूर, बीड, नगरकडची कितीतरी कुटुंबं त्या आगेमागे इकडे आली. मैलभर चालून हंडा आणणाऱ्या बाईला कॉलनीतल्या नळकोंडाळ्याचं काय अप्रूप वाटलं असेल, हे आपल्याला आरओच्या युगात नीट कळणार नाही. पाण्याला 'औषधाचा' म्हणजे क्लोरीनचा वास यायचा, आणि जुन्या बायकांना तो वासच खात्रीचा वाटायचा. आज तोच वास आला की लोक नाक मुरडतात आणि बाटली उघडतात.

आता गंमत बघा. इकडे हे सगळं चाललं असताना, १९६५ मध्ये ठाण्याला बिसलेरीचा कारखाना सुरू झाला. नाव मूळ एका इटालियन माणसाचं. पाणी काचेच्या बाटल्यांत, गिऱ्हाईक मुंबईतली बडी हॉटेलं. पाणी विकत घ्यायचं ही कल्पनाच लोकांना हास्यास्पद वाटे. १९६९ साली पार्लेच्या चौहानांनी ही कंपनी चार लाखांना विकत घेतली, तीही मुख्यतः सोड्यासाठी असं म्हणतात. पुढे प्लास्टिकची बाटली आली आणि सगळं बदललं. नव्वदीनंतर ती हॉटेलातून एसटी स्टँडवर, तिथून लग्नाच्या पंगतीत आणि मग ऑफिसच्या टेबलावर आली. २००१ मध्ये तिला आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. तरी २००३ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली-मुंबईतल्या बाटल्या तपासल्या, तर त्यांत कीटकनाशकं सापडली. पाणी जमिनीतून उपसलेलं, जमिनीत फवारणीचं औषध मुरलेलं. बाटली तरी काय करणार! त्यानंतर मानकं कडक झाली. २०२४ च्या ऑक्टोबरात तो सक्तीचा शिक्का काढून टाकला आणि लगेच नोव्हेंबरात बाटलीबंद पाणी 'जास्त जोखमीच्या' खाद्यपदार्थांत घातलं. यातून काय समजायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

असो. नळाकडे येतो.

धरणातून सोडलेलं पाणी पवनेच्या उघड्या पात्रातून सुमारे ३५ किलोमीटर वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. तिथून उपसून ते निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात चढवतात. तुरटीसारखं रसायन घालून गाळ बसवणं, वाळूच्या थरातून गाळणं, क्लोरीन देणं हे काम तिथे दिवसरात्र चालतं. रोजचं पाणी ५० कोटी लिटरच्या आसपास. तिथून निघालेलं पाणी पिण्यालायक असतं याबद्दल मला फारशी शंका नाही. शंका आहे ती पुढच्या प्रवासाबद्दल.

पाईपात पाणी दाबाने भरलेलं असलं की गळक्या जोडातून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाईप रिकामा पडतो, आणि त्याच जोडातून बाहेरचं आत येतं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर काय आत येतं हे सांगायला नको. म्हणजे ठरावीक तास येणारं पाणी हे चोवीस तास येणाऱ्या पाण्यापेक्षा नुसतं कमी नसतं, जास्त धोक्याचंही असतं. आमच्या शहरात २५ नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड झालं. काही काळापुरतं म्हणून सुरू झालेलं हे वेळापत्रक मग वर्षानुवर्षं चाललं. दिवसाआड पाणी म्हणजे साठवण आली. इमारतीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, स्वयंपाकघरातला पिंप. निगडीहून शुद्ध होऊन निघालेलं पाणी आपल्याच दारात येऊन शिळं होतं.

बाटलीने नळाला हरवलं ते इथे. बाटलीत काही अमृत नसतं, पण ती बंद असते, आणि बंद असण्याचेच आपण पैसे मोजतो. पाणीपट्टीच्या खालच्या टप्प्यात हजार लिटरचा दर त्या एका बाटलीहून कमी आहे.

आणि वीस लिटरचा थंडगार जार? चाकणपासून हिंजवडीपर्यंत दुकानं, वर्कशॉपं, लग्नघरं त्याच्यावर चालतात. तो ना बाटली ना नळ. झाकण आहे पण सील नाही, म्हणून 'पॅकेज्ड'च्या नियमांतून तो निसटतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएसची साथ आली तेव्हा पुणे महापालिकेने तिथले खासगी आरओ प्रकल्प तपासले, आणि पाणी पिण्यास अयोग्य निघाल्यावर कित्येकांना टाळं ठोकलं. शुद्ध म्हणून विकत घेतलेलं पाणी!

उघड्या नदीतून पाणी आणण्यापेक्षा धरणातून थेट बंद पाईपाने आणावं, ही कल्पना शहराच्या दृष्टीने अगदी बरोबर होती. वाटेत घाण मिसळणार नाही, गळती कमी. जेएनएनयूआरएमच्या पैशातून ते काम सुरूही झालं. पण मावळातल्या शेतकऱ्याने त्या पाईपाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. नदी वाहते म्हणून त्याची मोटर चालते, विहिरीला पाझर राहतो. पाणी पाईपात गेलं तर पात्रात काय उरणार? आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांतल्या शेकडो खातेदारांना पर्यायी जमिनीसाठी दशकानुदशकं हेलपाटे घालावे लागले होते. एकदा जमीन दिली, आता नदीही द्या, असं ते त्यांना ऐकू आलं.

९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, आणि तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती. काम थांबलं, ते एक तपाहून अधिक काळ. चाकणच्या अंगाला भामा-आसखेडलाही धरणग्रस्तांनी पुण्याच्या पाईपाचं काम कित्येक वर्षं रोखून धरलं होतं. २०२१ च्या जानेवारीत ते पाणी पुण्याला पोचलं.

मला यात शहराला दोषी ठरवायचं नाही. मी त्याच शहराचं पाणी पितो. पण नळाच्या पाण्याला गाव आहे, नदी आहे, भांडण आहे, मेलेली माणसं आहेत. बाटलीला यातलं काही नाही. कुणाच्या बोअरचं पाणी, शेजारच्या विहिरीचं काय झालं, कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी लेबलवर फक्त पत्ता असतो. शिवाय ज्याला परवडतं तो बाटलीकडे गेला की वॉर्ड ऑफिसात जाऊन गढूळ पाण्याची तक्रार करणारा एक माणूस कमी होतो. मागे राहतात ते चाळीतले, वस्तीतले. त्यांची तक्रार किती ऐकली जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

तर नातेवाईकांनो, आमच्याकडे आलात तर नळाचंच पाणी मिळेल, उकळून, गाळून, माठात भरलेलं. पावसाळ्यात पाणी गढूळ असलं तर उकळी जरा जास्त वेळ. प्रवासात मीही बाटली घेतो, सील बघून. उघडा जार मात्र शक्यतो टाळतो.

सोसायटीच्या मागच्या सभेत मी खालची टाकी शेवटची कधी धुतली ते विचारलं. सेक्रेटरींनी वही चाळली, मागची पानंही चाळली, तारीख काही सापडली नाही. येत्या रविवारी धुवायचं ठरलंय. त्या दिवशी आमचा पाण्याचा वार नाही.