स्टिलवेल, जोसेफ वॉरन
(१९ मार्च १८८३–१२ ऑक्टोबर १९४६). अमेरिकन सेनानी. जन्म फ्लॉरिडातील पॅलॅट्का येथे. वेस्ट पॉइंट येथून १९०४ मध्ये पदवी घेऊन ते पायदळात दाखल झाले. चीनमधील दीर्घ वास्तव्यात ते चिनी भाषा शिकले. पुढील कामगिरीची खरी शिदोरी हीच. जिभेच्या तिखटपणामुळे ‘व्हिनेगर जो’ हे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले.

दुसऱ्या महायुद्धात चिनी फौजांचे नेतृत्व करण्यासाठी मार्च १९४२ मध्ये ते ब्रह्मदेशात आले, पण जपान्यांपुढे आघाडी कोसळली. विमानाने निघून जाणे शक्य असताना एकोणसाठ वर्षांचे स्टिलवेल सुमारे ११४ जणांना घेऊन जंगलातून पायी निघाले. या तांड्यात सैनिक, परिचारिका, आचारी असे सगळेच होते. मिनिटाला १०५ पावले ही चाल ठरवून ते स्वतः पुढे चालत. मे महिन्यात सर्वजण इंफाळला सुखरूप पोहोचले. दिल्लीत वार्ताहरांपुढे त्यांनी पराभव आडपडदा न ठेवता कबूल केला. सेनापतींमध्ये असा प्रांजळपणा विरळाच.

बिहारमधील (आता झारखंड) रामगढ येथे त्यांनी चिनी सैन्य नव्याने घडवले. चिनी शिपाई नीट पोसला व शिकवला तर कोणाहून कमी नाही, ही त्यांची श्रद्धा ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील म्यित्चिना जिंकल्यावर खरी ठरली. मात्र या विजयाची किंमत थकल्याभागल्या, आजारी सैनिकांनी मोजली. त्याच महिन्यात ते पूर्ण जनरल झाले. चीनचे नेते चँग कै-शेक यांच्याशी विकोपाला गेलेल्या मतभेदांमुळे ऑक्टोबरमध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. १९४५ मध्ये त्यांनी ओकिनावा येथे दहाव्या सेनेचे नेतृत्व केले. भारत व चीन यांना ब्रह्मदेशातून जोडणाऱ्या लेडो मार्गाला त्यांचे नाव मिळाले. सॅन फ्रान्सिस्को येथे पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.