प्रोजेक्ट लाइफसेव्हर
स्मृतिभ्रंश, स्वमग्नता किंवा तत्सम अवस्थेमुळे घरातून भटकत जाणाऱ्या व्यक्तींना शोधण्यासाठीची अमेरिकेतील योजना. व्हर्जिनिया राज्यातील चेसापीक येथे १९९९ मध्ये जीन साँडर्स यांनी ती सुरू केली. पुढे अनेक राज्यांतील पोलीस व शेरीफ कार्यालयांनी ती स्वीकारली.

व्यक्तीच्या मनगटावर किंवा घोट्यावर लहान रेडिओ प्रक्षेपक बांधतात. प्रत्येकाची कंप्रता वेगळी असते आणि त्यातून संदेश अखंड निघत राहतो. व्यक्ती हरवल्याचे कुटुंबाने कळवताच प्रशिक्षित पथक दिशादर्शक अँटेना घेऊन निघते व संदेशाचा जोर पाहत माग काढते. दाट झाडीत किंवा इमारतीच्या आत उपग्रहाधारित साधने अडखळतात. या प्रक्षेपकाच्या रेडिओलहरी तेथेही पुष्कळदा पोहोचतात. स्वतः कळ दाबून मदत मागण्याची अपेक्षा येथे नाही, हे या साधनाचे मोठे सामर्थ्य होय. कारण आपण वाट चुकलो आहोत, हेच अशा व्यक्तीला अनेकदा उमगत नाही. मात्र घरच्यांनी वेळेवर कळवले नाही, तर यंत्रणा हलतच नाही. बॅटरी ठरावीक काळाने बदलावी लागते.

घराबाहेर पडून मृत्युमुखी पडलेल्या दोन स्वमग्न मुलांच्या नावाने अमेरिकेत २०१८ मध्ये ‘केव्हिन अँड अव्हाँटेज लॉ’ संमत झाला. त्यामुळे अशा साधनांना व प्रशिक्षणाला संघराज्याच्या अनुदानाचा आधार मिळाला.

भारतात मुंबई येथे २०२३ पासून अशा काही मुलांना क्यूआर कोड असलेली लॉकेटे देण्यात आली. हे लॉकेट ठावठिकाणा सांगत नाही. सापडलेल्या मुलाचे घर कोणते, हे कोड स्कॅन करणाऱ्याला कळते.