लखनौ ते मुंबई : अंतर, वेळ आणि एक हरवलेली वेधशाळा

लखनौच्या अमौसी विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १,१९० किलोमीटर आहे. ताशी ८५० किलोमीटर वेगाने ते दीड तासाच्या आत कापले जावे. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक अवधी धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतचा प्रवास, चढण, उतरण, आखून दिलेले हवाई मार्ग आणि मुंबईच्या आकाशातील ताटकळणे यांत उरलेला वेळ जातो.

हे १,१९० किलोमीटर कोणी साखळी टाकून मोजलेले नाहीत. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून ते गणिताने काढले जातात. अक्षांश ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून मिळतो; खरी अडचण रेखांशाची. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून रेखांशांतील फरक हा वस्तुतः स्थानिक वेळेतील फरक असतो. लखनौचा मध्यान्ह मुंबईच्या सुमारे ३२ मिनिटे आधी होतो. या वेळेत एका मिनिटाची चूक झाली, तर नकाशावरील लखनौ सुमारे २५ किलोमीटर सरकते.

अशी चूक टाळण्याचे साधन लखनौत एकेकाळी होते. अवधचा नबाब नासिरुद्दीन हैदर याने १८३०च्या दशकात वेधशाळा उभारण्यास घेतली. लोक तिला तारावाली कोठी म्हणत. पहिले खगोलज्ञ जेम्स हर्बर्ट १८३३ मध्ये वारले. त्यांच्या जागी आलेले रिचर्ड विल्कॉक्स पूर्वी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात सर्वेक्षण करणारे. लंडनच्या ट्रॉटन अँड सिम्स या कारखान्याची उत्तम उपकरणे आली. तारा याम्योत्तर वृत्त ओलांडतो तो क्षण टिपायचा आणि घड्याळ त्याच्याशी ताडून पाहायचे, हे काम रात्रीमागून रात्री चालले. त्याच सुमारास मुंबईत १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत बाळशास्त्री जांभेकर आणि केरोपंत छत्रे काम करीत होते.

विल्कॉक्स १८४८ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी वाजिद अली शाहने वेधशाळा बंद केली. दोष एकट्या नबाबावर टाकण्याची रीत आहे, पण इतक्या वर्षांचे वेध वेळीच छापून घ्यावेत असे कंपनी सरकारलाही वाटले नाही. १८५७च्या उठावात उपकरणे नाहीशी झाली. नोंदींचे कागदही टिकले नाहीत.

कुलाब्याच्या नोंदी टिकल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये तेथे टिपलेल्या चुंबकीय आकड्यांवरून त्या वर्षीच्या प्रचंड सौरवादळाची तीव्रता २००३ मध्ये नव्याने काढता आली. त्यात मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. लखनौच्या वह्यांत काय होते, हे तपासायला आज एक पानही हाती नाही.

तारावाली कोठी मात्र अजून उभी आहे. तेथे आता स्टेट बँकेचे कामकाज चालते.