वाट अडली, त्याचे काय?

धावण्याच्या शर्यतीइतका सरळ खेळ दुसरा नाही, असे आपल्याला वाटते. पिस्तुलाचा आवाज झाला की पळायचे, आधी पोचेल तो पहिला. पण एकाच वाटेवर चार-सहा माणसे जीव तोडून पळू लागली, की वाट कोणाची, हा तंटा उभा राहतोच. शेताच्या बांधावरून होतो, तसाच. या तंट्याचा सर्वांत गाजलेला खटला १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये झाला. त्यातला आरोपी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मैदानावर घडलेला धावपटू होता.

२३ जुलै १९०८. व्हाइट सिटी स्टेडियममध्ये ४०० मीटरची अंतिम फेरी. धावपटू चारच. कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन कार्पेंटर, पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचा जॉन टेलर, विल्यम रॉबिन्स, हे तिघे अमेरिकेचे. चौथा विंडहॅम हॅल्स्वेल, ब्रिटिश सैन्यातला लेफ्टनंट, बोअर युद्ध पाहून आलेला. उपांत्य फेरीत त्याने ४८.४ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला होता. आज ४०० मीटरला प्रत्येकाची लेन आखलेली असते, तशी त्या दिवशी नव्हती. सगळी वाट सगळ्यांची.

सुरुवातीला रॉबिन्स पुढे होता. अखेरच्या सरळ टप्प्यावर कार्पेंटरने आघाडी घेतली आणि हॅल्स्वेल बाहेरच्या बाजूने त्याला गाठू लागला. तसा कार्पेंटरही बाहेर सरकत गेला, उजवे कोपर काढून. हॅल्स्वेल जवळजवळ मैदानाच्या कडेला रेटला गेला. पंचांनी ‘फाउल’ म्हणून ओरडा केला आणि कार्पेंटर पोचण्याआधीच अंतिम रेषेवरची फीत तोडून टाकली. मागून येणाऱ्या टेलरला तर एका अधिकाऱ्याने हाताला धरून मैदानाबाहेर ओढले. नंतर पायांचे ठसे तपासण्यात आले. राखाडी कोळशाच्या भुग्याच्या त्या वाटेवर ते स्पष्ट उमटले होते. कार्पेंटरचे ठसे तिरके तिरके जात बाहेरच्या कडेपासून अवघ्या १८ इंचांवर पोचले होते. चोराचा माग काढावा तसा हा पुरावा! खेळाच्या इतिहासात असा पंचनामा क्वचितच झाला असेल.

मुद्दा असा, की कार्पेंटरने असे काय केले होते, जे त्याच्या देशात चालत नव्हते? मागच्याची वाट रोखणे हा अमेरिकेतल्या त्या काळच्या शर्यतींत डावपेचाचा भाग समजला जाई, असे अनेक अभ्यासक सांगतात. इंग्लंडच्या नियमात मात्र जाणूनबुजून धक्का देणारा, आडवा जाणारा किंवा अडवणारा धावपटू बाद होता. शर्यत इंग्लंडच्या नियमाने होती, तेव्हा कार्पेंटरला बाद ठरवणे नियमाला धरूनच होते, असे माझे मत आहे. पण पंच सगळेच्या सगळे ब्रिटिश, आणि ज्याचे नुकसान झाले तोही ब्रिटिश. घरच्याच माणसाच्या बाजूने घरच्याच पंचांनी दिलेला न्याय बरोबर असला, तरी पाहुण्याला तो पटवणे अवघड. अमेरिकी पथकाबरोबर आलेले जेम्स सलिव्हन कमालीचे संतापले.

पंचांनी कार्पेंटरला वगळून दोन दिवसांनी, २५ जुलैला शर्यत पुन्हा घ्यायचे ठरवले. या वेळी दोऱ्या ताणून प्रत्येकाची वाट वेगळी केली. पण रॉबिन्स आणि टेलर आलेच नाहीत. हॅल्स्वेल एकटा पळाला, ५० सेकंदांत पोचला आणि सुवर्णपदक विजेता ठरला. शेजारी कोणी नसताना त्या वाटेवरून तो काय मनाने पळाला असेल?

मला मात्र हॅल्स्वेलपेक्षा टेलरची रुखरुख अधिक वाटते. त्याने ना कोणाला धक्का दिला, ना कोणाचा खाल्ला. पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेला हा कृष्णवर्णीय तरुण. त्याच ऑलिंपिकमध्ये तो मिश्र अंतरांच्या रिलेत सुवर्णपदक मिळवणारा पहिला आफ्रिकी-अमेरिकी ठरला. पण स्वतःची म्हणून ४०० मीटरची जी शर्यत होती, ती दुसऱ्याच्या कोपराने आणि आपल्याच पथकाच्या रुसव्याने गेली. पुन्हा संधी मिळायची नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विषमज्वराने तो गेला. हॅल्स्वेलने लवकरच स्पर्धा सोडल्या आणि १९१५ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये शत्रूच्या गोळीने तो मारला गेला.

‘इन्साफ’ या अरबी शब्दाच्या मुळाशी ‘निस्फ’ आहे, म्हणजे निम्मे. अडवणाऱ्याला बाद केले की न्यायाचा एक निम्मा हिस्सा झाला. ज्याची वाट अडली, त्याला त्याची शर्यत परत मिळते का, हा उरलेला निम्मा. लंडनच्या पंचांनी तोही द्यायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे. पण बाकीच्या दोघांच्या हाती काही लागले नाही. रिलेत तर एकाच्या चुकीने चौघे बाद होतात, आजही.

१९१२ साली अॅथलेटिक्सची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. नियम जगभर सारखे असावेत, ही गरज अशा भांडणांनीच दाखवून दिली होती. ४०० मीटरचा प्रश्न पुढे लेनने सोडवला. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळे एकाच कडेला गोळा होतात, तिथे लेन कामाची नाही. तिथे नियमच हवा. आजचा नियम सांगतो, की धक्का मुद्दाम नसला तरी ज्याला अडथळा झाला त्याला पुढच्या फेरीत घेता येते किंवा शर्यत पुन्हा घेता येते. त्याने मात्र शर्यत सोडता कामा नये, मनापासून पूर्ण केलेली असावी. ही अट मला फार शहाणपणाची वाटते.

तिचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीतले आहे. २०१९ साली दोहा इथे जागतिक स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत दोनदा अडखळला. त्याच्या पुढचा धावपटू पडला होता. अविनाश थांबला नाही. सातवा आला, आणि तसा येऊनही ८ मिनिटे २५.२३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून आला. भारताने तक्रार केली, चित्रफीत तपासली गेली आणि त्याला अंतिम फेरीत घेतले गेले. कोणाची जागा काढून घेतली नाही, फक्त रांगेत एक माणूस वाढला. अंतिम फेरीत तो तेरावा आला, पण ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत. त्या वेळेवर टोकियो ऑलिंपिकचे दार उघडले.

अंतिम फेरीत मात्र पुढची फेरी कुठून आणायची? २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मिश्र रिलेमध्ये बॅटन देऊन झाल्यावर बहारीनची धावपटू वाटेतच पडली आणि हिमा दासला तिला चुकवून जावे लागले. भारताची तक्रार फेटाळली गेली, रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. ते पदक सुवर्ण झाले २०२० साली, पण अडथळ्यामुळे नव्हे. बहारीनची तीच धावपटू उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरली होती, म्हणून.