परवडणारी स्पोर्ट्स कार (भारत)

परवडणारी स्पोर्ट्स कार ही भारतात सैलपणे वापरली जाणारी संज्ञा आहे. काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणजे दोन आसनांची, बुटकी आणि वळणांवर चपळ असणारी मोटार होय. अशी स्वस्त मोटार भारतीय बाजारात क्वचितच उपलब्ध झाली. त्यामुळे नेहमीच्या छोट्या हॅचबॅकमध्ये अधिक शक्तिशाली इंजिन, घट्ट सस्पेन्शन व सुधारित ब्रेक बसवून तयार केलेल्या मोटारींना येथे हे नाव मिळाले. युरोपात या प्रकाराला 'हॉट हॅच' म्हणतात. मॅन्युअल गिअर हे त्याचे पारंपरिक वैशिष्ट्य मानले जाते. कुटुंबात एकच मोटार असेल, तर तिलाच रोजचा प्रवासही करावा लागतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या भागात त्यामुळे निवडीचे निकष बरेच बदलतात.

पार्श्वभूमी

१९७६ मध्ये विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या ११० अश्वशक्तीच्या मोटारीने हॉट हॅच हा प्रकार लोकप्रिय केला. खऱ्या अर्थाने दोन आसनी व परवडणारी स्पोर्ट्स कार म्हणून जगभर खपलेली माझदा एमएक्स-५ (१९८९) भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. गोव्यातील सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' ही फायबरग्लास बॉडीची दोन आसनी उघडी मोटार बनवली होती. तिला रेनोचे सुमारे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते. दिसण्यात ती स्पोर्ट्स कार होती, वेगात मात्र साध्या हॅचबॅकच्या जवळपास राहिली.

डोंबिवलीचा या इतिहासाशी एक आडवळणाचा संबंध आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात प्रीमियर ऑटोमोबाईल्स व फ्रान्सची प्यूजो यांच्या भागीदारीत, डोंबिवलीलगत कल्याण-शिळ रस्त्यावरील कारखान्यात प्यूजो ३०९ तयार होत असे. युरोपात याच मोटारीची 'जीटीआय' आवृत्ती नावाजलेली हॉट हॅच होती. येथे मात्र १.४ लिटर पेट्रोल व डिझेल अशी साधी इंजिनेच आली. कामगारांचा असंतोष आणि भागीदारांमधील मतभेद यांमुळे हा प्रकल्प काही वर्षांतच बंद पडला.

करांचा परिणाम

भारतातील अशा मोटारींचा आकार अभियंत्यांइतकाच अर्थसंकल्पानेही ठरवला आहे. २००६ मध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. हीच विभागणी पुढे वस्तू व सेवा करातही टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटावर १८ टक्के, तर त्याबाहेरील पेट्रोल मोटारींवर ४० टक्के कर आहे. याखेरीज महाराष्ट्रात खासगी पेट्रोल मोटारीला एकरकमी वाहन कर भरावा लागतो. दहा लाख रुपयांपर्यंतच्या किमतीवर तो ११ टक्के, तर दहा ते वीस लाखांदरम्यान १२ टक्के आहे.

या मर्यादेत राहून शक्ती वाढवण्याचा मार्ग म्हणजे टर्बोचार्जर. म्हणूनच अलीकडच्या बहुतेक परवडणाऱ्या वेगवान मोटारींत १.० किंवा १.२ लिटरचे टर्बो इंजिन आढळते. विम्याची विभागणीही सीसीवरच आधारित आहे. जून २०२२ पासून लागू असलेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये व त्यापुढे ७,८९७ रुपये आहे. त्यामुळे ९९८ सीसीची १२० अश्वशक्तीची मोटार या हप्त्यापुरती सर्वांत साध्या छोट्या मोटारींच्या रांगेत बसते.

उल्लेखनीय मोटारी

फियाट पॅलिओ १.६ (२००१) ही सुमारे १०० अश्वशक्तीची मोटार या वर्गातील आरंभीची महत्त्वाची मोटार होय. पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार झालेली अबार्थ पुंटो (२०१५) १४५ अश्वशक्तीची होती आणि आरंभी दहा लाखांच्या आत मिळत असे. तिची लांबी चार मीटरच्या आत असली, तरी इंजिन १३६८ सीसीचे असल्याने तिला छोट्या मोटारींची करसवलत मिळू शकली नाही. बलेनो आरएस (२०१७) व टाटा टियागो जेटीपी (२०१८) या दोन्ही मोटारी २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू होताना बंद झाल्या.

ह्युंदाई आय२० एन लाइनला २०२३ मध्ये सहा गिअरची मॅन्युअल पेटी मिळाली. टाटा अल्ट्रोझ रेसर (२०२४) ही १२० अश्वशक्तीची मोटार केवळ मॅन्युअल गिअरसह आली. चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी ही १५० अश्वशक्तीची सेडान अधिक वेगवान असली, तरी सुमारे साडेचार मीटर लांब आहे. याउलट २०२५ मध्ये भारतात आयात झालेली गोल्फ जीटीआय स्वयंचलित गिअरसहच मिळते आणि तिची किंमत पन्नास लाखांच्या वर आहे. मॅन्युअल गिअर ही आता वरच्या वर्गापेक्षा खालच्या वर्गातच टिकून असलेली गोष्ट आहे.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील दैनंदिन वापर

या पट्ट्यातील बहुसंख्य नोकरदार लोकलने प्रवास करतात. मोटारीने रोज जाणाऱ्यांचा मार्ग मुख्यतः घोडबंदर रस्ता, माजिवडा-कापूरबावडी, कल्याण-शिळ रस्ता व शिळफाटा या कोंडीच्या ठिकाणांवरून जातो. अशा रस्त्यांवर कमाल अश्वशक्तीला फारसा अर्थ उरत नाही. कमी फेऱ्यांवर मिळणारे टॉर्क अधिक उपयोगी ठरते. टर्बोचा दाब तयार होण्याआधी इंजिन मलूल वाटत असेल, तर चालक दुसऱ्या गिअरऐवजी पुनःपुन्हा पहिला गिअर आणि हाफ क्लच वापरतो. त्यातून क्लचची तबकडी लवकर झिजते. म्हणूनच चाचणी फेरी रविवारी सकाळी मोकळ्या महामार्गावर घेण्यापेक्षा संध्याकाळी सातच्या सुमारास कोंडीत घेणे अधिक बोलके असते. क्लच पेडलचा जडपणा पहिल्या पाच मिनिटांत नव्हे, चाळीस मिनिटांनंतर कळतो.

दुसरा मुद्दा जमिनीपासूनच्या उंचीचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असावा. त्यावर अडीच मीटर चाकांतराची मोटार मधोमध आली, तरी पोटाखालची जागा साधारण पाच सेंटिमीटरच कमी होते. गृहसंकुलांच्या दारांशी बसवलेले अरुंद, उभट गतिरोधक या मापाचे नसतात. तेथे मोटारीखाली त्यांची जवळजवळ पूर्ण उंची येते. स्प्रिंग बदलून मोटार बुटकी करणे त्यामुळे या भागात महागात पडते. पावसाळ्यात गायमुख घाटासारख्या ठिकाणच्या खड्ड्यांत कमी जाडीचे टायर व मोठ्या रिम्स आधी बळी पडतात.

पूर हा येथील आणखी एक वास्तव धोका आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-कल्याण परिसर जलमय झाला होता. हवा आत घेणारी नळी पाण्याखाली गेल्यास पाणी सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची पुरवणी घ्यावी लागते. पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास नुकसान वाढते.

मोटारीचा खरा उपयोग सुट्टीच्या दिवशी होतो. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट किंवा नाशिक महामार्गावरील कसारा घाट ही त्यासाठी जवळची ठिकाणे आहेत.

जुनी मोटार व फेरफार

पॅलिओ किंवा अबार्थ पुंटो आता फक्त वापरलेल्या स्थितीतच मिळतात. अशा मोटारीची किंमत कमी असली, तरी सुटे भाग शोधण्यात जाणारा वेळ हिशेबात धरावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. पॅलिओच्या बहुतेक प्रती या टप्प्यापलीकडे गेल्या आहेत. खरेदीपूर्वी नोंदणीची मुदत, कर्जबोजा आणि वाहन एमएच-०४ (ठाणे) की एमएच-०५ (कल्याण) कार्यालयाकडे नोंदलेले आहे, हे पाहिले जाते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलांत नोंदणी प्रमाणपत्राशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवल्यास वाहतूक पोलिसांच्या कारवाईला सामोरे जावे लागते. इंजिनात न कळवता केलेल्या फेरफारामुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.